मांजराची पुडी आणि अण्णांचे दही



आमच्या घरी बुंदी नावाची एक मांजर आहे. शारजातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, एका गाडीच्या बॉनेटखाली ती सापडली. तेव्हा ती मुठीत मावेल एवढी होती. आता ती सोफ्यावर मावत नाही. मागच्या उन्हाळ्यात तिचे पोट बिघडले. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांचे अँटिबायोटिक दिले आणि जोडीला प्रोबायोटिकच्या पुड्या खाण्यात मिसळून द्या म्हणाले. औषधाने पोटातले वाईट जंतू मरतात तसे चांगलेही मरतात, पुडीतून चांगले परत जातात, इतका सोपा हिशोब. आम्ही जवळच्या दुकानातून एक डबी आणली.

त्याच सुमारास आमचे वडील, म्हणजे अण्णा, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले आहे. नवे मूत्रपिंड शरीराने परके समजून हाकलून देऊ नये म्हणून त्यांना रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि या गोळ्या शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवतात. बाकी अण्णा ठणठणीत. सकाळी दही-साखर, संध्याकाळी मांडीवर बुंदी.

एके सकाळी आमच्या कन्येने (ती आपल्याच वर्गात आहे, म्हणून नाव लिहीत नाही, रागावेल) बुंदीच्या वाटीत पुडी टाकली, चमच्याने ढवळली आणि तोच चमचा आजोबांच्या दह्यात साखर ढवळायला घातला. आमच्या सौ.नी ते पाहिले आणि जी किंकाळी फोडली ती चौथ्या मजल्यावर ऐकू गेली असावी. कन्या शांतपणे म्हणाली, "पण ते चांगले जंतू आहेत ना? मग बुंदीला चांगले ते आजोबांनापण चांगलेच की."

आम्ही संगणकाच्या आज्ञावल्या लिहून पोट भरतो. लहान मुलाच्या एका प्रश्नाने अख्खी आज्ञावली कोसळते याचा आम्हाला अनुभव आहे, पण त्या दिवशी आम्ही खरोखर निरुत्तर झालो. शिवाय हा चमचा किती दिवसांपासून असा दोन्ही वाट्यांत फिरत होता हे कुणालाच सांगता येईना. पुण्याला अण्णांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "पुडीत नेमका कोणता जीवाणू आहे? आणि तो कोणत्या औषधांना दाद देतो?" डबी चष्मा लावून तीनदा वाचली. त्यावर एक हसरे कुत्रे होते, एक हसरे मांजर होते, "लॅक्टिक आम्ल तयार करणारे उपयुक्त जीवाणू" असे लिहिले होते आणि पुढे एक मोठा आकडा होता. जीवाणूचे नाव नव्हते. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर ताप बघत राहा. त्या आठवड्यात आमच्या घरात टीव्हीच्या रिमोटपेक्षा थर्मामीटर जास्त फिरला. अण्णांना काही झाले नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण डॉक्टरांचा दुसरा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. चांगला जंतू कोणत्या औषधाला दाद देतो याच्याशी कुणाला काय करायचे आहे? तो तर चांगलाच आहे! याचे उत्तर शोधण्यात आमचे बरेच शनिवार गेले. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी थोडे जुने. आमचे बालपण पिंपरीत गेले. तिथे 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा कारखाना १९५४ साली सुरू झाला आणि पुढच्या वर्षापासून तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. आमच्या लहानपणी बसच्या कंडक्टरने "एच. ए." अशी आरोळी दिली की अर्धी बस उतरत असे. त्या काळी पेनिसिलीन म्हणजे विजयाची गोष्ट होती. गंमत अशी की ज्यांनी १९२८ साली पेनिसिलीन शोधले त्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना इशारा दिला होता, की हे औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट त्याला सरावतील. तसेच झाले. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ साली छापला. आपल्या इथेही अबू धाबीत २०१० पासून रुग्णालयांतले कोणते जीवाणू कोणत्या औषधाला जुमानत नाहीत याची पद्धतशीर नोंद सुरू झाली आणि नंतर ती इतर अमिरातींतही पोहोचली.

जीवाणू औषधाला न जुमानण्याची विद्या कुठून आणतो? मुलांनो, इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी गोम इथे आहे. एक मार्ग म्हणजे ती विद्या त्याच्यापाशी जन्मजात असते. लॅक्टोबॅसिलस जातीतले बरेच जीवाणू व्हँकोमायसिन या औषधाला दाद देत नाहीत, कारण हे औषध जीवाणूच्या भिंतीतल्या ज्या विटेला जाऊन चिकटते ती वीटच त्यांच्याकडे वेगळ्या घडणीची आहे. ही त्यांची उपजत ठेवण. ती दुसऱ्याला देता येत नाही, जसे आपले नाक उसने देता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे जीवाणूच्या आनुवंशिक मजकुरात नकळत एखादी चूक होते आणि ती चूकच त्याच्या पथ्यावर पडते. तिसरा मार्ग सगळ्यात वाईट, आणि तो समजायला स्वयंपाकघरात जावे लागेल.

आपल्या घरी विरजण संपले की आपण काय करतो? वाटी घेऊन शेजारी जातो. शेजारीण चमचाभर देते. तिचे विरजण कमी होत नाही आणि आपल्या घरी पातेलेभर दही लागते. उद्या तिसरे घर आपल्याकडून नेते. जीवाणूंमध्ये असाच शेजारधर्म चालतो. त्यांच्या मुख्य आनुवंशिक मजकुराशिवाय काहींच्या अंगात एक छोटेसे वर्तुळ असते. त्याला प्लास्मिड म्हणतात. औषधाला तोंड देण्याची कृती पुष्कळदा या वर्तुळावर लिहिलेली असते. दोन जीवाणू एकमेकांना भेटले की एकजण वर्तुळाची नक्कल करून दुसऱ्याला देऊन टाकतो. आणि शेजारी आपल्याच जातीचा असला पाहिजे असेही नाही! १९५० च्या दशकात जपानमध्ये रक्ती आवेच्या रोग्यांत असे जीवाणू सापडू लागले जे एकाच वेळी चार चार औषधांना दाद देत नव्हते. एवढ्या चुका एकाच वेळी कशा होतील, म्हणून तिथले शास्त्रज्ञ चक्रावले. १९५९ साली त्यांनी दाखवून दिले की आतड्यात राहणारा साधा निरुपद्रवी ई. कोलाय ही चारही औषधांची विद्या एकगठ्ठा आवेच्या जीवाणूला देऊ शकतो. म्हणजे आजार न करणारा जीवाणू शिकवणी घेत होता आणि आजार करणारा पास होत होता.

कन्येच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. पुडीतला जीवाणू कितीही सज्जन असो. त्याच्या खिशात ते वर्तुळ असेल, तर आतड्यात त्याची गाठ कुणाशी पडेल आणि तो ते कुणाला देईल यावर आपला ताबा राहत नाही. त्यातून बुंदीला पुडीबरोबर अँटिबायोटिकही चालू होते. औषध साध्या जीवाणूंना मारून मैदान मोकळे करते आणि ज्याच्या खिशात कृती आहे त्याचीच तेवढी वाढ होते. पुडी आणि औषध एकत्र देताना हा विचार सगळ्यात आधी व्हायला हवा.

आता प्रोबायोटिकचे. दह्याने आयुष्य वाढते ही कल्पना पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली. बल्गेरियातले खेडूत आंबट दूध पिऊन दीर्घायुषी होतात असे त्यांचे म्हणणे होते. (आमच्या आजीला हे सांगितले असते तर तिने विचारले असते, यात शोध कसला लावला?) २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी व्याख्या ठरवली. पुरेशा प्रमाणात दिले असता घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. त्यात 'जिवंत' आणि 'पुरेशा' हे दोन शब्द महत्त्वाचे. आपले घरचे दही उत्तम, पण त्यात कोणता जीवाणू किती आहे हे कुणी मोजलेले नसते. पुडीवाला मात्र मोजल्याचा दावा करतो आणि त्याचे पैसे घेतो.

कुत्र्यामांजरांच्या पुड्यांत जे जीवाणू वापरतात त्यांत एक नाव वारंवार येते, एन्टेरोकॉकस फीशियम. त्याचा एसएफ ६८ नावाचा वाण पुष्कळ अभ्यासलेला आहे आणि त्याचा उपयोगही दिसला आहे. अमेरिकेतल्या एका प्राणी-निवाऱ्यात केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. हा वाण दिलेल्या मांजरांपैकी ७.४ टक्के मांजरांना दोन किंवा जास्त दिवस टिकणारे जुलाब झाले आणि न दिलेल्यांत हे प्रमाण २०.७ टक्के होते. कुत्र्यांत मात्र असा फरक दिसला नाही. तेव्हा पुड्या म्हणजे निव्वळ थोतांड, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांच्या पंगतीत आम्ही बसणार नाही.

पण याच एन्टेरोकॉकस फीशियमचे दुसरे घराणे रुग्णालयांत राहते, आणि ते भयंकर आहे. व्हँकोमायसिन हे इतर औषधे हरल्यावर राखून ठेवलेले औषध. त्यालाही न जुमानणारे एन्टेरोकॉकस युरोपात सापडल्याचे १९८८ साली प्रसिद्ध झाले. प्रत्यारोपण झालेले, रक्ताच्या कर्करोगाचे, अतिदक्षता विभागातले रोगी हे त्यांचे नेहमीचे बळी. म्हणजे थोडक्यात अण्णांसारखी माणसे. एकाच जातीत एक वाण मांजराचे जुलाब थांबवतो आणि दुसरा अतिदक्षता विभागात धुमाकूळ घालतो, म्हणून नुसते जातीचे नाव छापून भागत नाही. दुबईत "जोशींना भेटायचे आहे" म्हणून चौकशी केली तर काय होईल? एमिरेट्स आयडीचा क्रमांक लागतो. जीवाणूच्या वाणाचा क्रमांक तसाच. आमच्या डबीवर तर जोशीसुद्धा लिहिलेले नव्हते. नुसते "एक सज्जन गृहस्थ" असे लिहिले होते म्हणा ना.

प्राण्यांच्या पोटातले माणसाच्या पोटात खरेच येते का, हा प्रश्न युरोपने मोठी किंमत देऊन सोडवला. तिथे कोंबड्या-डुकरांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात ॲव्होपार्सिन नावाचे औषध मिसळत. ते व्हँकोमायसिनचे चुलत भावंड. ॲव्होपार्सिनला सरावलेला जीवाणू व्हँकोमायसिनलाही जुमानत नाही, हे ध्यानात आल्यावर डेन्मार्कने १९९५ साली आणि सबंध युरोपीय संघाने १९९७ साली त्यावर बंदी घातली. २००६ च्या १ जानेवारीपासून तर वाढीसाठी खाद्यात कोणतेही अँटिबायोटिक घालणे तिथे बंद झाले. त्याच वर्षी डेन्मार्कमधून एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाचताना आमच्या अंगावर काटा आला. सहा निरोगी स्वयंसेवकांना दुधातून दोन जीवाणू पाजले. एक प्राण्याकडून आलेला, व्हँकोमायसिनला न जुमानणारा एन्टेरोकॉकस फीशियम. दुसरा माणसातला, त्याच जातीचा, पण ही विद्या नसलेला. काही दिवसांत सहापैकी तिघांच्या पोटात माणसाच्या जीवाणूने प्राण्याच्या जीवाणूकडून ती विद्या उचललेली आढळली. परीक्षानळीत नव्हे, चालत्याबोलत्या माणसाच्या आतड्यात. हा प्रयोग कोंबडीच्या पुडीवर किंवा मांजराच्या पुडीवर नव्हता हे खरे. पण वाट आहे आणि ती वापरात आहे, एवढे त्याने पक्के झाले.

म्हणूनच युरोपात खाद्यात घालायच्या जीवाणूंची कसून तपासणी होते. २००७ पासून तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सुरक्षित समजल्या जाणाऱ्या जीवाणूंची यादी ठेवली आहे. दह्यातले नेहमीचे जीवाणू तिच्यात आहेत. एन्टेरोकॉकस फीशियम मात्र त्या यादीत नाही. त्याचा प्रत्येक वाण स्वतंत्रपणे तपासावा लागतो, तो अँपिसिलीनला दाद देतो की नाही हे पाहावे लागते आणि रुग्णालयातल्या घराण्याच्या खुणा त्याच्यात नाहीत हे सिद्ध करावे लागते. २०१८ च्या नियमावलीने तर जीवाणूचा सबंध आनुवंशिक मजकूर वाचून काढायला सांगितले. हे वाचून आमच्यातला अभियंता सुखावला. परक्याची आज्ञावली आपल्या यंत्रात घालण्याआधी तिची ओळ न् ओळ वाचा, हे आम्ही कार्यालयात कंठशोष करून सांगत असतो आणि कुणी ऐकत नाही. या जीवाणूचा मजकूर पंचवीस-तीस लाख अक्षरांचा, आणि अक्षरे फक्त चार. आम्ही हिशोब केला. हा सगळा मजकूर जुन्या काळच्या एका १.४४ एमबीच्या फ्लॉपीत बसतो आणि निम्मी फ्लॉपी रिकामी उरते. एवढ्या मजकुरात सारे भले-बुरे. भारतातही माणसांच्या खाण्यातल्या प्रोबायोटिकसाठी आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली. औषधांना दाद देण्याची तपासणी त्यांतही आहे.

तपासणीत दोष सापडला तर काय करायचे, याची एक सुरेख गोष्ट स्वीडनमध्ये घडली. लॅक्टोबॅसिलस र्‍यूटेरी नावाच्या जीवाणूचा एक वाण पेरू देशातल्या एका आईच्या दुधातून मिळाला होता आणि तो वर्षानुवर्षे प्रोबायोटिक म्हणून विकला जात होता. पुढे कळले की त्याच्या अंगात दोन वर्तुळे आहेत. एकावर टेट्रासायक्लिनला आणि दुसऱ्यावर लिंकोमायसिनला तोंड देण्याची कृती. वाण चांगला होता, खिसा तेवढा वाईट. तेव्हा त्यांनी त्या जीवाणूची बाहेरची भिंत काढून त्याला पुन्हा वाढवले. या उलाढालीत काही जीवाणू आपली वर्तुळे हरवून बसतात. दोन्ही वर्तुळे हरवलेला वाण निवडून त्याला नवा क्रमांक दिला आणि बाकीचे गुण जसेच्या तसे आहेत हे तपासून २००८ साली सारी हकिकत छापली. आमच्या धंद्यात याला दोष काढून नवी आवृत्ती देणे म्हणतात. फरक एवढाच, की आम्ही दोष गुपचूप काढतो.

आता उलटी गोष्टही सांगितली पाहिजे. भारतातून येताना आपल्यापैकी अनेकांच्या सामानात छोट्या प्लॅस्टिकच्या कुप्या असतात, एन्टेरोजर्मिनाच्या. त्यात बॅसिलस क्लॉसाय नावाचा जीवाणू बीजरूपात असतो. (शास्त्रज्ञांनी अलीकडे त्याच्या कुळाचे नाव बदलले आहे, पण आमच्या पिढीला नवी नावे पाठ होत नाहीत.) हे औषध १९५८ पासून इटलीत विकले जाते. त्यातले चार वाण मुद्दाम अशा प्रकारे निवडले आहेत की ते अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. एक क्लोरॅम्फेनिकॉलला, एक टेट्रासायक्लिनला, एक स्ट्रेप्टोमायसिन व निओमायसिनला, एक नोव्होबायोसिन व रिफॅम्पिसिनला. औषध चालू असतानाही प्रोबायोटिक जिवंत राहावे हाच उद्देश! म्हणजे डॉक्टर ज्या गुणाला घाबरत होते तोच इथे गुण म्हणून निवडलेला. आम्ही पुन्हा गोंधळलो. मग कळले की प्रश्न विद्या आहे की नाही हा नाही, ती उसनी देता येते की नाही हा आहे. या जीवाणूत एरिथ्रोमायसिनसारख्या औषधांना तोंड देणारे एक जनुक सापडले. ते २००४ साली प्रसिद्ध झाले. ते वर्तुळावर नसून मुख्य मजकुरातच आहे आणि दुसऱ्या जीवाणूला ते देण्याचे प्रयोगशाळेतले प्रयत्न फसले. दह्याच्या डब्यांतल्या बायफिडोबॅक्टेरियमच्या एका जातीतही टेट्रासायक्लिनचे जनुक सर्रास असते, मुख्य मजकुरात. नुसते 'जनुक सापडले' एवढ्यावर घाबरून जाण्यात अर्थ नाही. कुठे सापडले, वर्तुळावर की मुख्य मजकुरात, आणि शेजारी उडी मारण्याची सोय आहे का, हे विचारायचे असते.

मध्येच यीस्टचे सांगतो, कारण वर्गातल्या एका पालकांनी विचारले होते. सॅकरोमायसिस बुलार्डी हे प्रोबायोटिक जीवाणू नसून यीस्ट, म्हणजे बुरशीच्या कुळातले आहे. बुलार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीन या फळांवरून ते मिळवले. अँटिबायोटिक जीवाणूंवर चालते, यीस्टवर नाही, त्यामुळे हे उसनवारीचे प्रकरण तिथे जवळजवळ उद्भवतच नाही. पण प्रतिकारशक्ती खालावलेल्या आणि मोठ्या शिरेत नळी असलेल्या रोग्यांत ते स्वतःच रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. जिवंत वस्तू ती जिवंत वस्तूच. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिवस न भरता जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याविषयी इशारा दिला तोही एका बाळाच्या मृत्यूनंतर.

पुडी आखाती उन्हातून येते तेव्हा तिच्यात जिवंत किती उरते, हाही आमच्या मनातला प्रश्न. ऑगस्टमध्ये बंद गाडीच्या डिकीत काय तापमान होते ते आपण सगळे जाणतो. चॉकलेटची जी गत होते ती जीवाणूंचीही. आणि दुकानातला आकडा मुळात खरा असतो का? कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी प्राण्यांसाठीची २५ प्रोबायोटिके तपासून २०११ साली निष्कर्ष छापले. १५ वेष्टनांवर जीवाणूंचा नेमका आकडा होता. तेवढे किंवा जास्त जीवाणू फक्त ४ पुड्यांत निघाले. कित्येकांनी जीवाणूचे नावही चुकीचे लिहिले होते. शुद्धलेखनात आपल्या वर्गातली मुले बरी म्हणायची!

तुम्ही म्हणाल, जीवाणू उन्हात मेले तर उसनवारीही संपली, बरेच झाले. आम्हालाही तसेच वाटले होते. पण फ्रेडरिक ग्रिफिथ या इंग्रज डॉक्टरने १९२८ सालीच (पेनिसिलीनचेही हेच वर्ष) दाखवले आहे, की उष्णता देऊन मारलेल्या घातक जीवाणूंबरोबर जिवंत निरुपद्रवी जीवाणू उंदराला टोचले तर उंदीर मरतो, आणि त्याच्या अंगात जिवंत घातक जीवाणू सापडतात. मेलेल्याचा मजकूर जिवंताने उचलला होता. वाचनालय जळाले तरी एखादे पान वाऱ्यावर उडत येते, तसे. सगळ्याच जीवाणूंना हे जमत नाही आणि जमते त्यांनाही क्वचितच. तरी मेलेली पुडी म्हणजे कोरी पुडी नव्हे.

मग आम्ही काय केले? बुंदीची पुडी बंद केली नाही. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो आणि वाणाचा क्रमांक छापलेले उत्पादन मागितले. ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, असे विचारणारे तुम्ही पहिलेच. पण त्यांनी शोधून दिले. ते थोडे महाग आहे. पहिल्या वेळच्या औषधाच्या दोन गोळ्या उरल्या होत्या. त्या "पुढच्या वेळी होतील" म्हणून फ्रिजच्या दारात ठेवल्या होत्या. त्या काढून दिल्या. (आपल्या घरातही फ्रिजचे दार उघडून पाहावे. आम्ही नावे घेत नाही.) अण्णांच्या डॉक्टरांनी सांगितले, की मांजराला घरातून काढायची गरज नाही. पण पुडी स्वयंपाकाच्या ओट्यावर फोडायची नाही, तिची माती अण्णांनी साफ करायची नाही आणि बुंदी मांडीवरून उतरली की जेवण्याआधी हात साबणाने धुवायचे. एन्टेरोकॉकस कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे टिकून राहतो, त्यामुळे नुसते फडके फिरवून भागत नाही. बुंदीचा चमचा वेगळा केला. कन्येने त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला आहे आणि तो बाल्कनीतल्या खणात असतो.

कन्येला उत्तरही दिले. तिला सांगितले, की बुंदीचे चांगले जंतू बुंदीच्या घरचे पाहुणे आहेत. आजोबांच्या घराला सध्या कुलूप नाही, तेव्हा ओळखीच्या पाहुण्यालासुद्धा विचारूनच आत घ्यायचे. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "मग दह्यातल्या जंतूंना विचारले का?" आम्ही पुण्याला पुन्हा फोन लावला. डॉक्टर हसले आणि म्हणाले, पाश्चराइज केलेल्या दुधाचे ताजे दही चालेल, शिळे आणि उघडे राहिलेले नको. अण्णांचा जीव भांड्यात पडला.

पहिल्या डबीच्या उत्पादकाला आम्ही दोन प्रश्न विचारणारे पत्र पाठवले आहे. वाण कोणता आणि त्याचा आनुवंशिक मजकूर तपासला आहे का. पोच आली आहे, "आपले म्हणणे संबंधित विभागाकडे पाठवले आहे" अशी. उत्तर आले तर पुढच्या अंकासाठी छापायला देऊ. अण्णा डिसेंबरात परत येत आहेत.